स्वीडिश गॉगल: गादी नाही, तरी पाणी शिरत नाही, दोरा नीट बांधला तर

पाकीट उघडल्यावर हा गॉगल वाटतच नाही. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या दोन सुट्या वाट्या, लेटेक्सची एक लांब पट्टी, रबराची छोटी नळी आणि वीतभर दोरा. जोडणी आपली आपण करायची. 1970 च्या दशकात स्वीडनमधल्या मालम्स्टेन कंपनीने बाजारात आणलेली ही रचना आजवर फारशी बदललेली नाही. त्याच दशकात, 1976 च्या माँट्रियल स्पर्धेपासून, ऑलिंपिकमधल्या पोहण्याच्या शर्यतीत गॉगल घालायला परवानगी मिळाली. तेव्हापासून शर्यतीचे जलतरणपटू हा गॉगल वापरत आले आहेत. रोज पोहणाऱ्यासाठी याच्याइतका कामाचा गॉगल दुसरा नाही. आठवड्यातून एकदा डुंबायला जाणाऱ्याने मात्र कडेला सिलिकॉनची मऊ गादी असलेलाच घ्यावा.

गॉगल हवा कशाला, हे आधी थोडक्यात. अश्रूंमध्ये साधारण 0.9 टक्के मीठ असतं, तलावाच्या पाण्यात त्याहून बरंच कमी. त्यामुळे उघड्या डोळ्यांनी पोहलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा पाणी शोषून किंचित फुगतो, आणि बाहेर आल्यावर दिव्यांभोवती वलयं दिसतात. डोळ्यांची लाली हा वेगळा प्रकार. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, आणि डोळे मुख्यतः त्यांनी झोंबतात. तलावावर नाकात भरणारा तो उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर असल्याची खूण नव्हे. बहुतेक वेळा मोकळं क्लोरीन कमी पडल्याचीच ती खूण असते.

आता जोडणी. या गॉगलचा सगळा जीव नाकावरच्या दोऱ्यात आहे, म्हणून इथे घाई करू नये. प्रत्येक वाटीला एका टोकाला बारीक भोक असतं, ती नाकाची बाजू. दुसऱ्या टोकाला पट्ट्यासाठी आडवी खाच असते, ती कानाची. दोऱ्याचं टोक एका वाटीच्या भोकातून ओवून नळीतून न्यायचं, दुसऱ्या वाटीच्या भोकातून काढायचं आणि पुन्हा नळीतूनच परत आणायचं. लगेच पक्की गाठ मारू नये. आरशासमोर दोन्ही वाट्या डोळ्यांच्या खोबणीत नीट बसवाव्यात, मधलं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावं आणि तेवढ्यावर तात्पुरती गाठ मारून पाण्यात दोन-चार फेऱ्या माराव्यात. नळी त्या अंतराहून थोडी आखूड कापायची, नाहीतर ती वाट्यांना ढकलत राहते. माप जमल्याची खात्री झाली की दोन गाठी एकमेकींवर उलट-सुलट मारून उरलेलं टोक कापावं आणि गाठ सरकवून नळीच्या आत लपवावी. बाहेर राहिली तर नाकाच्या हाडावर टोचते.

माप चुकलंय कुठे, ते पाणी सांगतं. नाकाच्या कोपऱ्यातून शिरत असेल तर दोरा लांब झालाय, वाट्या बाहेरच्या बाजूला ओढल्या जाताहेत. कानाकडच्या कोपऱ्यातून शिरत असेल आणि नाकाचं हाडही दुखत असेल तर दोरा आखूड आहे, वाटी आतल्या बाजूला दाबली जाऊन बाहेरची कड उचलली जातेय. बहुतेक जण दोन्ही वेळा मागचा पट्टा आवळतात. त्याने गळती थांबत नाही, फक्त डोळ्यांभोवती जांभळे वळ उठतात. दोन-तीन मिलिमीटरने दोरा बदलला की तोच गॉगल शहाण्यासारखा बसतो.

कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. साच्यातून निघालेल्या काही वाट्यांना बारीक धार राहिलेली असते. 600 किंवा त्याहून बारीक नंबरचा पाणकागद ओला करून ती हळुवार घासावी, काचेच्या पृष्ठभागाला मात्र तो लागू देऊ नये. कड हाडाच्या आत, खोबणीत बसली पाहिजे. भुवईच्या हाडावर टेकत असेल तर तुमच्या चेहऱ्याला ही वाटी मोठी आहे, आणि हा गॉगल एकाच मापात येत असल्याने तिथे विषय संपतो. चेहऱ्यावर क्रीम किंवा तेल असेल, टोपीची कड किंवा केसाची बट खाली अडकली असेल, तर उत्तम मापाचा गॉगलही गळतो.

लेटेक्सची पट्टी दोन्ही खाचांतून ओवून मागे दुहेरी करावी. दोन्ही पदर डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, एक थोडा वर आणि एक थोडा खाली, असे फाकवून ठेवावेत. ताण इतकाच हवा की काठावरून सूर मारल्यावर गॉगल हलणार नाही. शर्यतीत बरेच जण पट्ट्यावरून दुसरी टोपी चढवतात, ते याचसाठी.

घालताना आणि काढताना मात्र एक शिस्त पाळायलाच हवी. आधी वाट्या डोळ्यांवर धराव्यात, मग पट्टा मागे न्यावा. काढताना डोक्यामागून पट्टा उचलून पुढे आणावा. वाट्या पुढे ओढून कपाळावर चढवायच्या, ही सवय या गॉगलला अजिबात चालत नाही. ओल्या बोटांतून वाटी निसटली तर ताणलेलं लेटेक्स ती कडक कड थेट डोळ्यावर आपटतं, आणि अशा फटक्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. लहान मुलांना हा गॉगल देऊ नये, त्याचं मुख्य कारण हेच.

नजर स्वच्छ मिळते. वाटी डोळ्याच्या इतकी जवळ असते की बाजूच्या रांगेतला पोहणाराही दिसतो. लांब पापण्या मात्र काचेला घासतात. बंदिस्त तलावात पारदर्शक किंवा फिकी निळी काच घ्यावी, उघड्यावर उन्हात गडद किंवा आरशासारखी. काळ्या काचेने अंधुक तलावात भिंत उशिरा दिसते, आणि मग वळताना टाच आपटते.

वाफ धरण्याची तक्रार खरी आहे. चेहऱ्याची ऊब आतली हवा ओलसर करते, बाहेरचं पाणी काच गार ठेवतं, आणि आत बारीक थेंब जमतात. वाफविरोधी लेप नसलेल्या काचेवर बेबी शाम्पूचा एक थेंब पसरवून साध्या पाण्याने धुवावं. शाम्पू राहिला तर क्लोरीनपेक्षा जास्त झोंबतो. घालण्याआधी तोंडावर गार पाणी मारलं तरी फरक पडतो. लेप असलेली काच घेतली असेल तर आतून बोट लावायचं नाही. तो लेप पाण्याचे थेंब न होऊ देता सपाट थर करतो, आणि एकदा घासला गेला की परत येत नाही.

चष्म्याचा नंबर असलेल्यांनी नंबरच्या काचा मिळणारा दुसरा गॉगल शोधावा. त्या काचा सहसा अर्ध्याच्या टप्प्यात येतात आणि त्यांत सिलिंड्रिकल नंबर नसतो. हिशेब सोपा: सिलिंड्रिकलचा निम्मा मूळ नंबरात मिळवायचा. उणे 2.50 वर सिलिंड्रिकल उणे 1.00 असेल तर उणे 3.00. अधल्यामधल्या नंबराला कमी नंबराची पायरी घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहणं टाळावं. पाण्यातला अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर होणारा बुबुळाचा संसर्ग दृष्टीवर बेततो, आणि कुठलाही गॉगल थेंबभर पाणीही शिरणार नाही अशी हमी देत नाही.

काचबिंदू असलेल्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये. खोबणीत बसणाऱ्या लहान वाट्यांमुळे, गॉगल डोळ्यावर असेपर्यंत, डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्यांना हाडाच्या बाहेर टेकणारी रुंद चौकट बरी, आणि डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर पोहायला कधी लागायचं हे डॉक्टरांनाच विचारावं. तळाशी बुडी मारण्यासाठीही हा गॉगल नव्हे. दोन मीटरवर बाहेरचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. नाक बाहेर असल्याने आत हवा सोडून तो सावरता येत नाही, आणि वाट्या डोळे शोषू लागतात.

पोहून झालं की गार, साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा. वाट्या वर्षानुवर्षं टिकतात. आधी जातं ते लेटेक्स: ऊन आणि तेल लागलं की ते चिकट होतं, मग त्यावर बारीक भेगा दिसतात. भेग दिसली की त्याच दिवशी पट्टी बदलावी. दोऱ्याचं नेमकं माप एका जाड कागदावर दोन खुणा करून जपून ठेवलं, तर पुढची जोडणी पाच मिनिटांत होते.