स्पोकची लांबी कशी काढावी: जुना स्पोक, कॅल्क्युलेटर की कागद-पेन?

सायकलचं चाक घरी बांधायचं ठरवलं की रिम (बाहेरचं कडं) आणि हब (मधला तुंबा) पसंत करण्यात मजा असते. गाडी अडते ती दुकानदाराच्या एका प्रश्नापाशी: "स्पोक किती मिलिमीटरचे देऊ?" उत्तर एखाद्या मिलिमीटरच्या आत बसावं लागतं. स्पोकचं टोक निपलच्या, म्हणजे रिमपाशी स्पोकवर चढणाऱ्या छोट्या नटच्या, डोक्यातल्या खाचेच्या तळापर्यंत यायला हवं. दोन मिमी आखूड पडला तर आटे निपलच्या मानेपर्यंतच पकडतात आणि अ‍ॅल्युमिनियमचं निपल डोक्याखाली तुटतं. दोन मिमी लांब झाला तर आटे संपतात आणि ताण यायच्या आधीच निपल फिरायचं थांबतं. रिम एकेरी भिंतीची असेल, तर टोक थेट ट्यूबलाच टोचतं.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जुना स्पोक काढून मोजणे. हब तोच, रिम त्याच मॉडेलची, भोकं तेवढीच आणि क्रॉसही (एक स्पोक आपल्या बाजूच्या किती स्पोकांना ओलांडतो तो आकडा) तेवढेच असतील तर यापुढे डोकं चालवायची गरजच नाही. मोजायचं स्टीलच्या पट्टीने, वाकणाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत. डोकं धरायचं नाही. मागच्या चाकाचे दोन्ही बाजूंचे मोजा, कारण फ्रीव्हीलकडचे बहुधा आखूड असतात. चाक सोडायच्या आधी मात्र रिमटेप उचलून टॉर्चने निपलमध्ये डोकवा. टोक खाचेच्या तळाशी दिसलं तर तेच माप घ्या, एक मिमी खाली राहिलं असेल तर एक मिमी वाढवा. हे न बघता मोजलं तर आधीच्या कारागिराची चूक तुम्ही इमानेइतबारे पुन्हा बांधाल. पुढे 32 आणि मागे 40 स्पोकवाल्या जुन्या काळ्या सायकलला याहून जास्त काही करणं म्हणजे हौसच.

रिम बदलली, हब मात्र तोच ठेवला, तरी ही पद्धत थोड्या फरकाने चालते. जुन्या आणि नव्या रिमच्या ईआरडीतला फरक निम्मा करायचा आणि तेवढी लांबी कमी-जास्त करायची. ईआरडी म्हणजे समोरासमोरच्या दोन स्पोकांच्या टोकांमधलं, रिमच्या आरपार अंतर. ते 4 मिमीने कमी असेल तर स्पोक 2 मिमीने आखूड घ्या. हबसुद्धा नवा असेल तर जुन्या स्पोकाचा उपयोग संपला.

मग येतो ऑनलाइन कॅल्क्युलेटर. डीटी स्विस या स्पोक बनवणाऱ्या कंपनीचा फुकट आहे, डेमन रिनार्ड यांची स्पोकॅल्क ही एक्सेल शीट जुनी असली तरी काम चोख करते. दोन क्रॉस की तीन, 32 भोकं की 36, हे क्षणात बदलून बघता येतं आणि दोन्ही बाजूंचं माप एकदम मिळतं. डिस्कब्रेकच्या हबला पुढच्या चाकातही दोन बाजू वेगळ्या निघतात, तिथे हे फार सोयीचं. खोट एकच: जे घालाल ते तो निमूटपणे गिळतो. टायरवरचा 622 आकडा ईआरडीच्या रकान्यात टाकणारे थोडे नाहीत. तो टायर जिथे बसतो तिथला व्यास आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. रिमवर छापलेल्या ईआरडीवरही मी भिस्त ठेवत नाही. कोणी निपल बसतं तिथपर्यंत मोजतं, कोणी खाचेपर्यंत, आणि दोन-तीन मिमी तिथेच इकडेतिकडे होतात.

कागद-पेनाने करायचं तर गणित शाळेतलंच आहे. तीन मापं घ्या: ईआरडीचा निम्मा, फ्लँजवरच्या (हबच्या दोन्ही बाजूंच्या भोकंवाल्या चकत्यांवरच्या) भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या, आणि दोन लॉकनटांच्या (हबच्या दोन टोकांच्या नटांच्या) बरोबर मध्यापासून फ्लँजपर्यंतचं अंतर. तिन्हींच्या वर्गांची बेरीज करा. दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट कोनाच्या कोसाइनने गुणून त्यातून वजा करा. वर्गमूळ काढा आणि फ्लँजच्या भोकाचा निम्मा व्यास, साधारण 1.3 मिमी, कमी करा. कोन म्हणजे 360 भागिले एका बाजूची भोकं, गुणिले क्रॉस. 36 भोकं आणि तीन क्रॉस असले की बरोबर 60 अंश येतात, कोसाइन अर्धा.

समजा 36 भोकं, तीन क्रॉस, ईआरडी 600, भोकांच्या वर्तुळाचा व्यास 45, फ्लँजची अंतरं डावीकडे 35 आणि उजवीकडे 20 मिमी. उत्तर डावीकडे 290.2, उजवीकडे 288.8.

कॅल्क्युलेटरही आत हेच करतो, त्यामुळे उत्तरात फरक पडणार नाही. तरी एकदा हाताने करा, कारण कुठली चूक महाग पडते ते त्यातच दिसतं. वरच्या चाकात फ्लँजचं अंतर एक मिमी चुकलं तर लांबीत जेमतेम 0.1 मिमीचा फरक पडतो. भोकांच्या वर्तुळाचा व्यास 2 मिमी चुकला तर साधारण 0.4. ईआरडी 2 मिमीने चुकला तर मात्र पूर्ण 1 मिमी. म्हणून हब साध्या पट्टीने मोजला तरी भागतं, आणि कॅल्क्युलेटर की कागद या वादात घालवायचा वेळ रिमवर खर्च करावा.

ईआरडी मोजायला दोन जुने स्पोक घ्या. जी निपलं वापरणार तीच चढवा, टोक खाचेच्या तळाशी येईपर्यंत, आणि गोंदाच्या थेंबाने पक्की करा. आट्यांच्या टोकापासून 250 मिमीवर दोन्ही कापा. 32 भोकांच्या रिममध्ये एक पहिल्या भोकात, दुसरा सतराव्यात, आणि दोन्ही एका रेषेत ताणून मधली फट मोजा. फट 98 आली तर ईआरडी 598. तीन-चार ठिकाणी असंच करा, कारण नवी रिमही अगदी गोल नसते, आणि सरासरी धरा.

माझं मत विचाराल तर चाक जसंच्या तसं बांधायचं असेल तेव्हा जुना स्पोक. बाकी सगळीकडे स्वतः मोजलेला ईआरडी आणि कुठलाही एक कॅल्क्युलेटर. दुकानात बऱ्याचदा सम आकड्यांचीच मापं मिळतात. पितळी निपलं असतील तर वरच्या उदाहरणात 290 आणि 288 खुशाल घ्या. ताण भरल्यावर 2 मिमी जाडीचा स्पोक जवळपास अर्धा मिमी लांबतोच. अ‍ॅल्युमिनियमच्या निपलांना मात्र उजवीकडे 289 शोधा. आणि रिम हातात येऊन मोजून होईपर्यंत स्पोकची ऑर्डर देऊ नका.