पुतळे, स्मारकं आणि आजची कला : ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

कोर्स चांगला आहे हे आधीच सांगते. पुतळे, स्मारकं, चौकातली कला यात राजकारण कसं येतं हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावा. रेकॉर्डेड व्हिडिओ आहेत, आपल्या सवडीने बघता येतात, आणि शिकवणाऱ्या बाईंचा विषयात जीव आहे हे पहिल्याच लेक्चरला कळतं.

सगळ्यात भारी भाग हार्बुर्गचा. १९८६ मध्ये योखेन गेर्झ आणि एस्तेर शालेव-गेर्झ या जोडप्याने हॅम्बुर्गच्या हार्बुर्ग भागात फॅसिझमविरोधी स्मारक म्हणून १२ मीटर उंच चौकोनी खांब उभा केला, त्याला वरून मऊ शिशाचा थर, आणि शेजारी टोकदार लेखणी ठेवली की येणाऱ्या-जाणाऱ्याने आपलं नाव कोरावं. हात पोचेल तिथपर्यंत भरलं की खांब थोडा जमिनीत उतरवायचा, असं करत करत १९९३ पर्यंत तो सगळाच जमिनीखाली गेला. लोकांनी फक्त नावं नाही लिहिली, काहीही खरडलं, नाझी चिन्हंसुद्धा काढली, आणि ते सगळं तसंच ठेवलं गेलं कारण तोही त्या शहराचाच चेहरा होता. अन्यायाविरुद्ध उभं राहायचं काम खांबावर सोपवून आपण घरी जायचं नाही, हे त्या खांबाने स्वतः नाहीसं होऊन सांगितलं. मी हे लेक्चर परत परत बघितलंय.

माया लिनचा भागही छान जमलाय. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकासाठी १४२१ डिझाइन्स आली, नावं झाकून निवड झाली म्हणूनच माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचं डिझाइन जिंकलं, मग त्यावर वाद पेटला आणि १९८४ मध्ये तडजोड म्हणून जवळच सैनिकांचा पुतळा बसवला.

आता खटकलेलं. पूर्ण कोर्सभर असा सूर आहे की जुना पुतळा म्हणजे सत्तेचा आवाज आणि आजची कला म्हणजे लोकांचा आवाज. इतकं सरळ नसतं हो! इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचंच बघा. गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या कोल्स्टनचा १८९५ चा पुतळा ७ जून २०२० ला आंदोलकांनी पाडला आणि बंदरात ढकलला, पुढच्या वर्षी तो रंगाच्या डागांसकट म्युझियममध्ये आडवा ठेवला, इथे कोर्स थांबतो. पण जुलै २०२० मध्ये मार्क क्विन या नावाजलेल्या शिल्पकाराने त्याच रिकाम्या चौथऱ्यावर एका आंदोलक स्त्रीचा पुतळा परवानगी न घेता आणून बसवला आणि कौन्सिलने तो दुसऱ्या दिवशी काढला, हे सांगितलंच नाही. हेतू चांगलाच असेल, पण त्या चौथऱ्यावर काय यावं हे एका प्रसिद्ध कलाकाराने एकट्याने का ठरवायचं? काही कृष्णवर्णीय कलाकारांनीही तेव्हा यावर टीका केली होती.

शिल्पकार रिचर्ड सेराच्या 'टिल्टेड आर्क' या शिल्पाला तर जेमतेम दोन-तीन मिनिटं दिलीत, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. न्यूयॉर्कच्या सरकारी ऑफिसांसमोरच्या चौकात १९८१ मध्ये सुमारे ३६ मीटर लांबीची पोलादी भिंत, रोज त्या चौकातून जाणारे कर्मचारी वैतागलेले, १९८५ ला जाहीर सुनावणी झाली, १८० जण बोलले आणि त्यातले १२२ जण शिल्प ठेवा म्हणाले, तरी पॅनेलने ४ विरुद्ध १ मतांनी हलवायचं ठरवलं आणि १९८९ मध्ये ते तोडून काढलं. सेराचं म्हणणं की हे याच जागेसाठी केलंय, इथून हलवलं की ते संपलं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच अख्खं लेक्चर इथे हवं होतं. जागा कोणाची, पैसा कोणाचा, निवड समितीत कोण बसतं, काढायचं झालं तर कोणाला विचारायचं, हे प्रश्न सोडून कलेच्या राजकीय भूमिकेवर बोललं की अर्धा विषय बाहेरच राहतो.

बाकी सबटायटल्स वाईट आहेत, कलाकारांची नावं चुकीची येतात. चर्चेच्या विभागात प्रश्न टाकला तर उत्तर येत नाही, निदान मला तरी आलं नाही. कलेचे विद्यार्थी, शिक्षक, किंवा आपल्या गावात स्मारकाचा वाद चालू असलेली माणसं यांना नक्की उपयोग होईल, फक्त ब्रिस्टल आणि सेरा या दोन विषयांवर वेगळं वाचून घ्या. पाचपैकी साडेतीन.