नवा पोपट घरी आला: लगेच हात पुढे करायचा की आधी थांबायचं?

पोपट दत्तक घेताना पिंजरा, वाट्या, खेळणी यांची तयारी सगळेच करतात. पण तो घरात रुळणार की कोपऱ्यात दबून बसणार, हे बरंचसं एका निर्णयावर ठरतं: त्याला पहिल्या दिवसांपासून हाताची सवय लावायची, की तो आपणहून जवळ येईपर्यंत वाट पाहायची? दोन्ही पद्धतींनी पोपट माणसाळतात आणि दोन्ही पद्धतींनी बिघडतातही. निवड करताना तुमचा स्वभाव बघू नका, त्या पक्ष्याचं आधीचं आयुष्य बघा.

लगेच हाताळणं

ही पद्धत दोनच प्रकारच्या पोपटांना मानवते. एक, माणसाने हाताने भरवून वाढवलेलं आणि नुकतंच स्वतः खायला लागलेलं पिल्लू. दुसरा, आणायला गेलात तेव्हाच अनोळखी हातावर सहज चढलेला मोठा पक्षी. त्यांनाही पहिले 24 तास पिंजऱ्यात निवांत राहू द्या. दाणापाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

दुसऱ्या दिवसापासून 5 ते 10 मिनिटांची दोन-तीन सत्रं पुरतात. खोली लहान असावी, खिडक्या-दारं बंद, पंखा बंद. बोट किंवा मनगट वरून नेऊ नका, कारण झेप घालणारा शिकारी पक्षी वरूनच येतो. हात खालून, समोरून आणा, पायांच्या किंचित वर छातीपाशी धरा आणि दर वेळी एकच शब्द वापरा, उदाहरणार्थ ‘ये’. चढला की लगेच आवडीचा दाणा द्या. कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवला की पोपट त्याचा अर्थ जोडीदाराशी जोडतो, आणि पुढे आक्रमकपणा किंवा अंडी घालण्याचा त्रास ओढवतो.

इथे चुका दोन बाजूंनी होतात. पोपट चढण्याआधी बोट चोचीने चाचपतो, फांदी भक्कम आहे का ते बघावं तसं. त्याला चावा समजून हात झटकन मागे घेतला, तर चोच पुढे केली की हात पळतो हे तो एका फटक्यात शिकतो. याउलट, तो मागे झुकत असताना हात रेटत राहिलात तर काही दिवसांनी तो विरोध सोडून देतो. बाहेरून वाटतं, माणसाळला. प्रत्यक्षात त्याने हार मानलेली असते, आणि दोन-तीन आठवड्यांनी घर ओळखीचं झालं की दबलेलं सगळं चाव्यातून बाहेर येतं. ‘आधी किती गरीब होता, आता काय झालं?’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. जाड हातमोजे घालून हाताळणं तर त्याहून वाईट: पक्षी मोज्याला घाबरतोच, शिवाय तुम्हाला त्याच्या चोचीचा दाब कळत नाही.

आधी थांबणं

एक-दोन घरं बदलून आलेला, चावणारा, हात दिसताच पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटणारा किंवा ज्याचा इतिहासच माहीत नाही असा मोठा पोपट असेल, तर हीच पद्धत. थांबणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. नुसतं दाणापाणी बदलून निघून जाणाऱ्या घरात पोपट वर्षभराने तिथेच असतो.

सुरुवात अंतरापासून. पिंजऱ्यापासून साधारण 2 मीटरवर, थोडं तिरकं बसून काहीतरी मोठ्याने वाचा. टक लावून पाहू नका. त्याची पिसं अंगाला चापून बसली, मान लांब झाली, खाणं थांबलं, तर तुम्ही फार जवळ आहात. एक-दोन पावलं मागे जा. पिसं सैल पडली, एक पाय पोटाशी घेतला, चोच घासल्याचा कुरकुर आवाज आला, की अंतर बरोबर आहे. फक्त डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होण्यावरून अंदाज बांधू नका. आनंदातही तसं होतं आणि चावण्याआधीही. सोबत शेपूट पसरली आहे का, अंग ताठ आहे का, ते बघा.

मग खाऊ. वाटीतला कोणता दाणा तो सगळ्यात आधी वेचतो ते पाहून ठेवा आणि हळूहळू तो दाणा वाटीतून कमी करून तुमच्याकडूनच मिळू द्या. आधी जाता-येता वाटीत टाका आणि थांबू नका. मग जाळीतून राळ्याचं कणीस धरा. ते लांब असल्याने बोटं चोचीपासून दूर राहतात. पुढची पायरी टार्गेटची: एक बोथट काडी दाखवायची, तिला चोच लागली की ठरावीक शब्द आणि दाणा. काडीमागे तो दांडीवर इकडून तिकडे जायला लागला की दार उघडा. हाताची पाळी सगळ्यात शेवटी. लहान पक्ष्यांना काही आठवडे लागतात. दुखावलेल्या आफ्रिकन ग्रे जातीच्या मोठ्या पोपटाला किंवा काकाकुव्याला काही महिने लागले तरी नवल नाही.

काय निवडायचं हे कळत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पिंजरा बंद ठेवूनच एक चाचणी घ्या. हात जाळीबाहेर, पक्ष्याच्या खालच्या पातळीवर ठेवा. तो पुढे सरकला किंवा खात राहिला, तर हाताची सवय लगेच सुरू करता येईल. थिजला, फिस्कारला किंवा अंगावर आला, तर थांबा. कोड्यात पडलात तरी थांबण्याकडेच झुका. थांबायची गरज नव्हती असं निघालं, तरी फार तर दोन आठवडे वाया जातात. घाईने बसलेली भीती काढायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

पंख छाटलेले की उडते?

हा प्रश्न वरच्याच प्रश्नाचा भाग आहे. उडता पक्षी नको असेल तेव्हा उडून जातो. छाटलेल्याकडे नकार द्यायला चोच एवढाच मार्ग उरतो. शिवाय जास्त छाटलेला पक्षी दगडासारखा पडून छातीच्या हाडाला मार लावून घेतो. उडत्या पक्ष्यासाठी कष्ट तुमचे: काचांवर पडदे, पंखा बंद, शौचकूपाचं झाकण खाली, शेगडीवर उकळतं काही नाही. तरीही माझं मत उडत्याच्याच बाजूने. छाटलेलाच आला असेल, तर पिसं पुढच्या गळतीनंतर येतील. तोवर दांड्या खाली लावा आणि तळाशी मऊ काहीतरी अंथरा.

बसायच्या खोलीत की वेगळ्या खोलीत?

घरात दुसरा पक्षी असेल तर पर्यायच नाही: 30 ते 45 दिवस वेगळी खोली, आधी जुन्याचं खाणंपिणं, मग नव्याचं, आणि हात धुणं. नसेल तर माणसांच्या वावरातली, पण ये-जा नसलेली बाजू बरी. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागलेली हवी. चहूबाजूंनी उघड्या पिंजऱ्यात पक्षी सतत सावध राहतो. स्वयंपाकघर मात्र नाहीच. जास्त तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरू शकतो. रात्री 10 ते 12 तास अंधार आणि शांतता लागते. कॉकाटील हा तुरेवाला लहान पोपट अंधारात दचकून फडफडतो, त्याच्यासाठी मंद दिवा ठेवा.

जुनं खाणं की चांगलं खाणं?

इथे मात्र वाद नाही. नुसते दाणे वाईट असले, तरी पहिले दोन आठवडे मुख्य खाणं जुनंच. अनोळखी पेलेट (गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य) त्याला खाणं वाटतच नाही, आणि बजीसारखा (बजरिगर) लहान पक्षी एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका, वर फक्त टरफलं असतात. बदल नंतर 4 ते 8 आठवड्यांत करा, आणि रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. हाताला न येणाऱ्या पक्ष्यालाही खाऊ दाखवून काट्यावर चढायला शिकवता येतं. वजन 10 टक्के घटलं तर बदल थांबवून डॉक्टरकडे जा.

पक्ष्यांच्या डॉक्टरकडची पहिली तपासणी शक्यतो घरी आणतानाच वाटेत उरकावी, म्हणजे धरपकडीची भीती तुमच्या घराशी जोडली जात नाही. त्यानंतर मात्र तो फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वासागणिक शेपूट हलू लागली किंवा खाणं सोडलं, तर माणसाळवणं बाजूला ठेवा आणि टॉवेलमध्ये धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा.