युरेल पास: दोन महिने, दहा दिवस आणि माझी हिशोबाची वही

मुलगी श्टुटगार्टला शिकते. २०२५ च्या एप्रिलअखेर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि अकरा आठवडे राहिलो. तेवढ्यात युरोप पाहायचा होता, पण टूर कंपनीच्या बसमधून झेंड्यामागे धावत नाही, आणि खिशाला झेपेल असा. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे निघण्याआधीच एक वही घातली होती. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीवरून. परत येऊन बरेच महिने झाले, आकडे पुन्हा तपासले, आणि युरेल पासाबद्दलचं, म्हणजे युरोपभर रेल्वेने फिरायच्या एका पासाबद्दलचं, माझं मत आता पक्कं झालं आहे.

आधी नावांचा गोंधळ. भारतात राहणाऱ्यांनी घ्यायचा तो युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. युरेल १९५९ पासून आहे, इंटररेल १९७२ पासून. दोन्ही आता ३३ देशांत चालतात आणि गाड्याही बहुतेक त्याच. पण मुलगी जर्मनीत राहत असल्यामुळे तिला युरेल मिळत नाही, आणि इंटररेलवर तिला स्वतःच्या देशात फक्त बाहेर पडण्यापुरता आणि परत येण्यापुरता प्रवास करता येतो. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच समजून घ्यावं. सगळ्यांचा पास एकाच खात्यावरून, एकाच प्रकारचा काढायला गेलात तर चूक होते.

आम्ही घेतला तो दोन महिन्यांत कुठलेही दहा दिवस प्रवास करण्याचा दुसऱ्या वर्गाचा पास. दोघांचीही साठी उलटल्यामुळे दहा टक्के सूट मिळाली. एका माणसाचा एका दिवसाचा खर्च साधारण ४० युरो पडला. हा ४० चा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवला होता, आणि सगळं नियोजन त्याच्याभोवती केलं. ज्या दिवशीचं तिकीट ४० युरोंपेक्षा बरंच महाग, त्या दिवशी पास. ज्या दिवशी स्वस्त, त्या दिवशी साधं तिकीट. ऐकायला सोपं आहे, पण पास हातात आला की माणसाला तो सगळीकडे वापरावासा वाटतो. मलाही वाटलं आणि त्यात एक दिवस गेला, ते पुढे सांगते.

स्वित्झर्लंडमध्ये पासाचे पैसे सर्वांत आधी वसूल झाले. श्टुटगार्टहून झुरिकला थेट गाडी आहे, तिथून सव्वा तासात खूर हे गाव. खूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी खूर ते तिरानो जाऊन आलो. आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारी ही मीटरगेज लाल गाडी. पूर्ण दराने जाऊन-येऊन शंभर फ्रँकच्या पुढे तिकीट आहे, पासावर एक पैसाही जास्त लागला नाही. पण हे लक्षात ठेवा: मोठ्या काचांची बेर्निना एक्सप्रेस घेतलीत तर पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि त्यांच्या जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. मला तर साधी गाडीच जास्त आवडली.

त्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्या प्रवासात तोच मनात राहिला. खूरहून निघाल्यावर लांडवासरचा पूल येतो. ६५ मीटर उंच, दगडी, वळणाचा, आणि पलीकडच्या टोकाला सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. पुढे गाडी बदलून बेर्निनाच्या रुळांवर आलो. ओस्पित्सिओ बेर्निना हे स्टेशन २,२५३ मीटरवर आहे. मे महिना होता तरी शेजारच्या तळ्यावर बर्फाचा पापुद्रा होता. ह्यांनी खिडकी खाली ओढली आणि असा गार वारा आत आला की मी शालीचं टोक कानावरून घेतलं. नंतर आल्प ग्रूमला समोर हिमनदी, आणि तिथून गाडी वळणं घेत घेत उतरू लागते. गाडीला धरून ठेवणारा दात्यांचा रूळ नाही, तरी शंभर फुटांमागे सात फूट खाली, असा उतार. खाली ब्रुझिओला नऊ कमानींचा गोल पूल आहे. गाडी त्यावर स्वतःभोवती चक्कर मारून स्वतःच्याच रुळाखालून जाते. आमचा डबा शेवटचा होता, समोर आमच्याच गाडीचं इंजिन दिसत होतं. हे म्हणाले, "अगं, ही तर आपल्यालाच भेटायला आली." दोन तासांत बर्फातून द्राक्षांच्या मळ्यांत आलो. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे. मला तो दिवस पासाच्या सगळ्या किमतीएवढा वाटला.

तिथून खूर ते लुत्सर्न ते इंटरलाकेन, आणि मग बासलवरून घरी. इंटरलाकेनच्या वर डोंगरात जाणाऱ्या गाड्यांवर पासधारकाला फक्त सवलत मिळते, प्रवास फुकट नाही. डोंगरावरच्या युंगफ्राउयोख स्टेशनचं सवलतीचं तिकीटसुद्धा आमच्या वहीत बसेना, म्हणून गेलो नाही. तळ्याकाठी बसलो.

ऑस्ट्रियातही पास सुखाचा. श्टुटगार्टहून म्युनिकला गाडी बदलायची, आणि साल्झबुर्गवरून व्हिएन्ना. साल्झबुर्गला पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, म्हणून सामान लॉकरमध्ये टाकून चार तास गाव पाहिलं आणि नंतरच्या गाडीने पुढे गेलो. एका गाडीला बांधलेल्या स्वस्त तिकिटावर हे करता येत नाही. पासाची खरी किंमत मला त्या दुपारी कळली. ह्यांचा गुडघा दुखत असला तर आम्ही गाडी सोडायचो, बाकावर बसायचो, तासाभराने दुसरी धरायचो. कुणाला विचारायचं नाही, काही भरायचं नाही.

व्हिएन्नाहून ग्रात्सला जाऊन-येऊन एक दिवस मुद्दाम ठेवला होता, तो झेमरिंग घाटासाठी. कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने १८४८ ते १८५४ या काळात हा मार्ग बांधला. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची आणि बोरघाट १८६३ चा, म्हणजे त्याच पिढीतलं काम. ह्यांचे वडील कर्जतला रेल्वेत होते, म्हणून आमच्या घरात घाटाच्या गोष्टी फार. दुमजली दगडी कमानी पाहताना हे खिडकीला चिकटून होते.

परतीच्या गाडीत एक प्रसंग झाला. दोघांचे पास माझ्याच फोनमध्ये होते. पासाच्या रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये दर वेळी गाडी शोधायची, ती आपल्या प्रवासात टाकायची, मग पासाला जोडायची, तेव्हा तपासनिसाला दाखवायचा कोड तयार होतो. मी माझ्या पासाला गाडी जोडली आणि ह्यांच्या पासाला जोडायची विसरले. तपासनीस तरुण मुलगी होती. तिने माझा कोड वाचला, ह्यांचा वाचला, आणि फोन माझ्यासमोर धरून ओळीवर बोट ठेवलं. गाडीचं नावच नव्हतं. त्या दिवसाचा प्रवास आधीच चालू असल्यामुळे तिने समोर उभं राहून मला गाडी जोडू दिली, पासपोर्ट पाहिले आणि म्हणाली, "चढण्याआधी, प्लीज." नियम तसाच आहे, आणि प्रत्येकजण तिच्यासारखा थांबेल असं नाही. त्या दिवसापासून फलाटावर पाय ठेवला की आधी दोघांचे कोड पाहायचे हा शिरस्ता ठेवला. फोनची बॅटरी संपली तर दोघंही बिनतिकीट, म्हणून पॉवर बँक पर्सच्या वरच्या कप्प्यात. आणि तीन दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडलेला हवा.

रात्रीच्या गाडीचा हिशोब मात्र मजेशीर फायद्याचा आहे. मध्यरात्रीपूर्वी गाडीत बसलात आणि मधे गाडी बदलली नाहीत, तर फक्त निघण्याचा दिवस धरला जातो. व्हिएन्नाहून रात्री साडेनऊच्या सुमारास नाइटजेटमध्ये बसलो, सकाळी व्हेनिसला उतरलो, दिवस एकच गेला. कुशेट म्हणजे आपला थ्री टियरच, सहा बर्थ, फक्त दाराला कडी. त्या जागांचे पैसे पासाव्यतिरिक्त भरावे लागतात, पण व्हिएन्नातल्या एका रात्रीचं भाडं वाचलं. सकाळी पाव, लोणी, जॅम आणि कॉफी देतात. गाडी समुद्रावरच्या पुलावरून जाते तेव्हा दोन्ही बाजूंना पाणीच पाणी असतं, आणि सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की थेट ग्रँड कॅनॉल.

आता पास कुठे वापरू नये ते सांगते. फ्रान्समध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीला पासधारकालाही आरक्षण सक्तीचं आहे, बहुधा दहा ते वीस युरो, आणि पासधारकांसाठी जागा मोजक्या असतात. आम्ही पॅरिसला पासाशिवाय गेलो. बरंच आधी काढलेलं साधं तिकीट माणशी ४० युरोंच्या आत मिळालं, म्हणजे पासाचा दिवस अधिक आरक्षण यापेक्षा स्वस्त. इटलीत फ्रेच्चारोसा या वेगवान गाडीला १३ युरोंच्या आसपास आरक्षण लागतं. आम्ही तिथे लोकल गाड्यांची तिकिटं काढली, व्हेनिस ते व्हेरोना तशीच गेलो. इटालो आणि उईगो या गाड्यांवर पास चालतच नाही. चेक देशात तिकिटंच इतकी स्वस्त, की प्राग ते कुत्ना होरा यासाठी पासाचा दिवस खर्चणं म्हणजे पाचशेची नोट मोडून काडेपेटी घेणं. व्हेरोनाहून ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुकला आलो तेव्हा पास पुन्हा बाहेर काढला.

जर्मनीत फिरायला डॉइचलंड-टिकेट आहे. महिन्याला तेव्हा ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, शहरातल्या ट्राम-बस त्यात येतात, वेगवान आयसीई नाही. साल्झबुर्गपर्यंतही ते चालतं. मात्र ते वर्गणीचं असतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मी कॅलेंडरवर लाल गोल केला होता. माझी चूक याच तिकिटाशी जोडलेली. पासाचे दोन महिने संपत आले होते, एक दिवस शिल्लक होता, तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही पासावर हायडेलबर्गला जाऊन आलो. डॉइचलंड-टिकेट खिशात असताना. त्यापेक्षा तो दिवस बर्लिनसाठी महिनाभर आधी ठेवायला हवा होता. दहा दिवसांचा पास घेताना दहाही दिवस कागदावर लिहून पाहा. दहावा सुचत नसेल तर सात दिवसांचा घ्या.

एक तक्रारही आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये आरक्षण सक्तीचं नाही हे खरं, पण म्हणजे बसायला जागा मिळेलच असं नाही. एका शुक्रवारी दुपारी गाडीला गर्दी इतकी, की तासभर दाराशी सामानावर बसून काढला, आणि गाडी उशिरा पोहोचल्यामुळे पुढचीही चुकली. ह्यांचा गुडघा रात्री सुजला. नंतर शुक्रवारी आणि रविवारी प्रवास टाळला, टाळता नाही आला तर पाच-साडेपाच युरो भरून जागा राखली. साठीच्या पुढच्यांनी तिथे काटकसर करू नये. गाड्यांचा उशीर पाहायला पासाच्या अ‍ॅपपेक्षा जर्मन रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅप बरं, फलाट बदललेलाही लगेच कळतो.

व्हिसाचं एक सांगायलाच हवं. शेंगेन व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम आणि मुक्काम कागदावर द्यावा लागतो. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि अर्ज जिथे सर्वाधिक राहणार त्या देशाकडे. पास खरेदी केल्यापासून ११ महिन्यांत केव्हाही सुरू करता येतो, त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत तो सुरू करू नका. सवलतीच्या काळात स्वस्त मिळाला तर परताव्याची अट वाचून मगच घ्या.

खाण्याचं फार लिहीत नाही. स्वयंपाकघर असलेली हॉस्टेलं शोधली, तिथे बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते. मेतकूट, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी यांवर अर्धा प्रवास झाला. झुरिकमध्ये बाराशेच्या वर कारंजी आहेत, पाणी पिण्याजोगं, बाटली विकत घ्यायची गरज नाही. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, गाडीतलं फुकट, म्हणून उतरण्याआधी जाऊन यायचं. बॅग स्वतः उचलून डब्याच्या पायऱ्या चढता येईल एवढीच न्या, हमाल कुठेही दिसला नाही.

माझी नणंद आणि तिचे यजमान येत्या सप्टेंबरात त्याच वाटेने निघणार आहेत. वही तिच्याकडे दिली आहे. तिला सात दिवसांचा पास सुचवला: चार स्वित्झर्लंडला, दोन ऑस्ट्रियाला, एक रात्रीच्या गाडीला. पॅरिस आणि प्राग पासाबाहेर, साध्या तिकिटावर. आणि खूरहून निघताना उजवीकडच्या खिडकीत बसायला सांगितलं आहे.