पुण्यात मास्टर्स की जर्मनीत? फीपलीकडचा हिशेब

हा प्रश्न निघाला की बोलणं पैशापाशी सुरू होतं आणि पैशापाशीच अडतं. म्हणून ते आधी उरकू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आधीच दाखवावे लागतात. ते पैसे तुमचेच असतात, महिन्याला ९९२ युरो असे हाती येतात. पुण्यातली एम.एस्सी. याच्या पुढे किरकोळ खर्चात होते. झालं.

खरा फरक तिथे दिवस कसा जातो यात आहे. तो मला आधी कळला एका जर्मन मुलीमुळे. ती गणेशखिंडला, पुणे विद्यापीठात, आमच्या विभागात एका सेमिस्टरसाठी आली होती. नंतर मी तिच्या देशात शिकायला गेले.

तिला पहिला धक्का हजेरीचा बसला. "बावीस वर्षांच्या माणसांची हजेरी? कमी भरली तर घरी फोन करतात का?" आम्ही हसलो, पण ७५ टक्क्यांची धास्ती आम्हाला होतीच. तिच्याकडे लेक्चरला आलात काय, न आलात काय, सहसा कुणी विचारत नाही. प्रयोगशाळा आणि सेमिनार तेवढे सोडून. दहाचं लेक्चर रिवाजाने सव्वादहाला सुरू होतं, संपल्यावर मुलं टाळ्यांऐवजी बाकावर टकटक करतात आणि पांगतात.

हे मोकळेपण ऐकायला छान वाटतं. त्याची किंमत परीक्षेत कळते. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर तुम्हीच वेळेत करायची. अनेक विषयांत सगळे गुण एकाच पेपरवर. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा आपटलात की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. एजंट हे सांगत नाहीत. पुणे विद्यापीठातल्या आपल्या विभागांत निम्मे गुण अंतर्गत असतात, चाचण्या आणि सादरीकरणं चालूच. त्यामुळे तुम्ही घसरायला लागलात की सरांच्या महिनाभरात लक्षात येतं. तिथे ते परीक्षेपर्यंत तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

अंतर्गत गुणांची दुसरी बाजूही आहे. ते सरांच्या हातात, म्हणून सरांना कोण खोडून काढणार? ही मुलगी भर वर्गात "ही पायरी मला पटत नाही" म्हणायची आणि आम्ही श्वास रोखून बसायचो. सर मात्र खूश असायचे. जर्मनीत प्राध्यापकांना आडनावानेच हाक मारतात, भेटायला वेळ मागून घ्यावी लागते, पण त्यांची चूक दाखवली तर वर्गात कुणी मान वळवूनही बघत नाही. उलट आपले सर रात्री दहाला फोन उचलतात. त्याची सर कशाला नाही, हे मी आजही म्हणेन.

आता मैत्री. पुण्यात तिला पहिल्याच आठवड्यात गौरी-गणपतीचं जेवायला बोलावणं होतं. वडील काय करतात, लग्न कधी, सगळं विचारून झालं. तिला ते आवडलं आणि त्याचा शीणही आला. होस्टेलच्या खोलीचं दार लावून बसलं तरी कुणीतरी ठोठावायचंच. जर्मनीत मला भेटायचं तर ती डायरी काढून दोन आठवड्यांनंतरची तारीख द्यायची. पहिल्यांदा फार लागलं. पण त्या तारखेला ती कधी चुकली नाही. तिथे 'ये ना कधीतरी' चालत नाही. मैत्री होते ती सोबत काही करताना: विद्यापीठाच्या स्वस्त क्रीडावर्गांत, समूहगायनात, सामायिक फ्लॅटमध्ये. त्या फ्लॅटमध्ये खोली मिळवायला मुलाखत द्यावी लागते आणि राहायला लागलात की साफसफाईची पाळी चुकवता येत नाही.

मोठ्या शहरांत मराठी मंडळी भेटतात, गणपतीही बसतो. आधार मोठाच. पण त्यातच रमलात तर अभ्यासक्रम इंग्रजीत, जेवण-गप्पा मराठीत, आणि दोन वर्षांनी नोकरी शोधताना जर्मन येत नाही.

तिथे कुणी विचारत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना मला एकच विचारावंसं वाटतं: पुण्यात तुमच्या वर्गात येमेनी, सुदानी किंवा अफगाणी मुलगा होता, त्याला किती वेळा घरी जेवायला बोलावलंत?

माझं मत विचाराल तर, कुणी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नसेल तर पदवीनंतर लगेच जाऊ नका. पुण्यात मास्टर्स करा, मग पीएच.डी.साठी जा. तिथे पगार मिळण्याची शक्यता चांगली असते आणि कामाचा गटही मिळतो. रिकाम्या वेळाची भीती वाटत नसेल, स्वतःहून दार ठोठावायची लाज वाटत नसेल, तर आत्ताच निघा. मात्र जर्मन आधी शिका, रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्समुल्लर भवनात, निदान ए२ म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत. एपीएसचं (आपली पदवी-गुणपत्रिका खरी आहेत का ते तपासणारं जर्मन दूतावासाचं केंद्र) प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतं, आणि अनेक विद्यापीठांत हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैला किंवा त्याआधीच संपते. तेव्हा एपीएसची फाइल शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच लावा.