गरोदरपणातलं बियांचं मिश्रण, उन्हाळाभर वापरून: बिया बऱ्या, झिप भिकार

तीन स्टार देतेय. मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाच दिले असते, मेमध्ये एकही नाही.

या मिश्रणाची दोन पाकिटं येतात. एकात भाजलेल्या भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, दुसऱ्यात जवस-तिळाची पूड. किमतीचं नंतर बोलते, आधी पुडीच्या पाकिटाची झिप. ती एका बाजूने दाबली की दुसरीकडून उघडते. खाचेत पुडीचा कण अडकला तर मिटतच नाही, आणि आत पूडच आहे म्हटल्यावर कण अडकणारच ना! रबर लावलं, कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, काही उपयोग नाही. दुसऱ्या गावी चालतही असेल. आमच्याकडे अमळनेरला मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी वीज जाते ती वेगळीच.

जवस आपण खातो ते त्यातल्या ओमेगा-3 साठी, आणि नेमकं तेच तेल हवा नि उष्णता लागली की आधी बिघडतं. अख्खं जवस टरफलात महिनोन् महिने टिकतं, पण तसंच गिळलं तर पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून दळायचं, आणि दळलं की त्याचे दिवस भरलेच. सासूबाईंनी पाकिटात नाक घातलं, “हाई काय शे?” म्हणाल्या आणि थेट अंगणात नेऊन ठेवलं. घराला ऑईलपेंट देताना येतो तोच वास. त्या रंगातही जवसाचंच तेल असतं, त्यामुळे त्यांचं नाक चुकलं नव्हतं.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, “कृपया व्हिडिओ पाठवा.” वासाचा व्हिडिओ? वर सल्ला, की पाकीट थंड, कोरड्या जागी ठेवायला हवं होतं. मे महिन्यात खान्देशात थंड जागा कुठे असते ते त्यांनीच सांगावं. भांडून भांडून बदली पाकीट आलं, त्यावर बॅच नंबर तोच!

आता पाकिटावरच्या ‘रक्तवाढ’ या शब्दाबद्दल. शंभर ग्रॅम तिळात लोह साधारण 14-15 मिलिग्रॅम. दिवसाला दोन चमचे, म्हणजे 20 ग्रॅम धरले तरी तीनच्या आसपास, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. आशाताई जी लाल गोळी फुकट देतात तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं, शिवाय फॉलिक अॅसिड. माझं हिमोग्लोबिन साडेनऊवरून वर आलं ते त्या गोळीने, ह्या पाकिटाने नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा लांब ठेवायचा, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांचं अंतर ठेवून. कॅल्शियमवरून आठवलं, पाकिटातले तीळ पांढरेशुभ्र, सोललेले आहेत. तिळातलं बहुतेक कॅल्शियम असतं सालीत! म्हणजे साल काढून टाकायची आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘कॅल्शियमयुक्त’ छापायचं.

इथवर वाचून वाटेल की बिया नकोतच. तसं नाही. लोहाच्या गोळीने पोट घट्ट झालं होतं, त्यावर रोज एक चमचा जवस आणि भरपूर पाणी याने खरंच आराम पडला. डॉक्टर म्हणाल्या, जेवणात चमचाभर चालेल, पण जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल मनाने सुरू करायच्या नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, तीळ उष्ण, पोटुशीला नको. त्यावरही डॉक्टर म्हणाल्या, चटणीपुरते खुशाल खा. अळीव मात्र सासूबाईंनी बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी राखून ठेवलेत, त्यावर मी वाद घातला नाही.

मग मी बाजारातून अख्खं जवस आणि बिनसोललेले तीळ आणले. मंद भाजून, लसूण, मिरची, मीठ घालून चार दिवसांपुरतीच चटणी मिक्सरला फिरवायची आणि स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीवर ती चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. सुरुवातीच्या महिन्यांत फोडणीच्या वासानेसुद्धा उलटी व्हायची, तेव्हा फक्त हेच पोटात राहायचं. खर्च पाकिटाच्या पाव हिश्श्याहून कमी.

मग तीन स्टार कशाचे? भोपळ्याच्या बियांचे. सोललेल्या पण अख्ख्या, बिनमिठाच्या, नीट भाजलेल्या, ऐन उन्हाळ्यातही खवट झाल्या नाहीत. संध्याकाळी चारच्या भुकेला शेव-फरसाणाऐवजी मूठभर खायला झकास, आणि त्यात मॅग्नेशियम, झिंक चांगलं असतं. सोललेल्या बिया आमच्या बाजारात धड मिळत नाहीत, म्हणून ते पाकीट पुन्हा मागवीन, आल्या आल्या काचेच्या बरणीत ओतीन. पूड कुणीही घेऊ नये, निदान फेब्रुवारी ते जून तरी.

पुडीचे पैसे परवा परत आले. कुरिअरचे ऐंशी रुपये कापून.