ज्वालामुखीशेजारचं गाव: आधी थर वाचायचे, मॉडेल चालवायचं की यंत्रं बसवायची?

ज्वालामुखीच्या आसपास गाव आहे, हाताशी पैसा मोजका आहे आणि धोका जोखायचा आहे. तीन मार्ग समोर असतात: जमिनीतले जुन्या उद्रेकांचे थर वाचून नकाशा करणं, संगणकावर लोंढे सोडून पाहणं, किंवा डोंगरावर यंत्रं लावून पहारा ठेवणं. डोंगर शांत असेल तर मी थरांपासून सुरुवात करीन.

कारण आर्मेरो. कोलंबियातलं हे गाव नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या शिखरापासून नदीच्या वाटेने सत्तरेक किलोमीटर दूर होतं. लाव्हाची भीती तिथे नव्हतीच. 13 नोव्हेंबर 1985 च्या रात्री एका मध्यम उद्रेकाने शिखरावरचं बर्फ वितळवलं, आणि चिखल-दगडांचा लोंढा, म्हणजे लहार, नदीच्या पात्रातून सुमारे अडीच तासांत गावात घुसला. जवळपास 23,000 माणसं गेली. गाव वसलं होतं ते 1845 च्या लहारने आणलेल्या गाळावर! हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. खड्डे खणणारा भूशास्त्रज्ञ आणि थराचं वय काढणारी प्रयोगशाळा एवढं पुरतं.

थरही सगळं सांगत नाहीत, हे खरं. राखेचे पातळ थर पावसात वाहून जातात, त्यामुळे लहान उद्रेक मोजणीतून निसटतात. शिवाय डोंगर पूर्वी न केलेलंही करतो: 1980 मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीची कूसच कोसळली आणि आडव्या स्फोटाने सुमारे 600 चौरस किलोमीटर जंगल उद्ध्वस्त झालं. आधीच्या अंदाजांत एवढा मोठा आडवा स्फोट नव्हता.

इथे मॉडेल कामी येतं. आजची दरी, आजचं धरण, अनेक वर्षांचे वारे घालून ‘असं झालं तर’ विचारता येतं. मात्र लोंढा किती मोठा धरायचा, हा आकडा शेवटी थरांतूनच येतो. नकाशावरची एकच ठळक रेघ मी तरी नाकारीन. रेघेच्या अलीकडचं घर सुरक्षित, असं लोक हमखास समजतात. संभाव्यतेचे पट्टे मागावेत. राखेसाठी ओल्या राखेचं वजन धरलंय का, तेही विचारावं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या 15 जून 1991 च्या उद्रेकात वादळाचा पाऊस राखेत मिसळला आणि छपरं माणसांवर कोसळली.

यंत्रं ‘केव्हा’चं उत्तर देतात, ‘कुठे’चं नाही. पिनाटुबोला भूकंपमापकांनी वेळीच इशारा दिला, पण कुठली वस्ती हलवायची हे ठरलं ते जुन्या थरांवरून घाईघाईने केलेल्या नकाशावर. उलट जपानच्या ओंताकेवर 27 सप्टेंबर 2014 ला इशारा सर्वांत खालच्या पातळीवर असताना स्फोट झाला. मृत आणि बेपत्ता मिळून 63.

डोंगर आधीच हादरत असेल तर क्रम उलटा: यंत्रं ताबडतोब, नकाशा सोबतीने. गाव दूर पण नदीकाठी असेल तर सगळं लक्ष लहारवर. उतारावर, अगदी जवळ असेल तर तप्त राख-वायूच्या लोटापुढे धावायला वेळच नसतो. तिथे आधीच गाव रिकामं करण्याचा निकष ठरवावा लागतो.

आणि थोडा पैसा राखून ठेवा. आर्मेरो धोक्यात दाखवणारा नकाशा ऑक्टोबर 1985 मध्येच तयार होता, तरी माणसं वाचली नाहीत. तुमच्या नकाशावरून रात्री कोण भोंगा वाजवणार आणि घरापासून उंचवट्यापर्यंत चालत किती मिनिटं लागतात, हे म्हाताऱ्यांना सोबत घेऊन मोजा.